आईचा स्तनाचा कर्करोग : पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढते का?

बालाघाट_लेक

नमस्कार. माझी आई ५४ वर्षांची असून लातूर जिल्ह्यात गावीच राहते. तिची पाळी जाऊन तीन वर्षे झाली आहेत. डाव्या स्तनात गाठ हाताला लागते आहे हे तिला दिवाळीच्या आधीच कळले होते. पण सोयाबीनची रास होऊन पाहुणेरावळे आटोपेपर्यंत ती कोणापाशी बोलली नाही. शेवटी वहिनीला सांगितले आणि वहिनीने दुसऱ्याच दिवशी तिला शहरात नेले.

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत गाठ २.६ सेंटिमीटरची असून काखेतील एक ग्रंथी संशयास्पद असल्याचे लिहिले आहे. सुईने तुकडा काढून केलेल्या बायोप्सीचा अहवाल पुढीलप्रमाणे आहे : इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा (दुधाच्या नलिकांतून आजूबाजूला शिरलेला कर्करोग), ग्रेड २; ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ८ पैकी ८, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) ८ पैकी ६, हर-टू (गाठ वाढवणारे एक प्रथिन) २+. डॉक्टरांच्या मते हा दुसरा टप्पा आहे. केवळ गाठ काढून नंतर रेडिएशन घ्यावे किंवा संपूर्ण स्तन काढावा, असे दोन पर्याय त्यांनी आमच्यापुढे ठेवले असून शस्त्रक्रियेची तारीख लवकर ठरवण्यास सांगितले आहे.

घरात मात्र निर्णय झाल्यासारखाच आहे. ‘मुळासकट काढून टाका, पुन्हा कटकट नको,’ असे मोठे काका म्हणतात. सुई टोचल्यामुळेच रोग काखेत उतरला, अशी आत्याची ठाम समजूत आहे. आई ‘तुम्ही ठरवाल ते’ यापलीकडे काही बोलत नाही. पूर्ण स्तन काढल्याने ती खरोखर जास्त जगेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. अहवालातील हर-टू २+ म्हणजे पॉझिटिव्ह असून वर्षभर महागडी इंजेक्शने घ्यावी लागतील, असे ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितले; तेही बरोबर आहे का? शिवाय माझी मावशी ४६ व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. मी २९ वर्षांची आहे, तर मी आताच मॅमोग्राफी करून घ्यावी का?

निवृत्त_सर्जन

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही लिहिलेल्या स्थितीत गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भाग काढून नंतर रेडिएशन घेतले, तर जगण्याची शक्यता संपूर्ण स्तन काढल्याइतकीच असते.

हे कोणा एकाचे मत नाही, त्यामागे दीर्घ इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. रोग एका जागेपासून क्रमाक्रमाने बाहेर सरकत जातो, म्हणून जितके अधिक कापावे तितका रुग्ण सुरक्षित, हा त्यामागचा तर्क होता, आणि तुमच्या काकांचे म्हणणे नेमके त्याच तर्काचे आहे. कित्येक दशके जगभरातील शल्यचिकित्सक तसेच वागले. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७० च्या दशकात स्त्रियांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी करून दोन्ही पद्धतींची तुलना सुरू केली. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. कारण असे की स्तनाचा कर्करोग स्तनात राहून सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो यकृत, फुप्फुस, हाडे किंवा मेंदूत पोहोचलेल्या पेशींमुळे. त्या पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच निसटलेल्या असतील, तर स्तन कितीही कापला तरी त्यांना हात लागत नाही. त्यांच्यासाठी औषधेच लागतात.

फिशर यांच्या अभ्यासातील दुसरा आकडा मात्र काकांना अवश्य सांगा. केवळ गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. आजच्या औषधांमुळे ते त्याहूनही खाली आले आहे. म्हणून स्तन वाचवायचा असेल तर रेडिएशन टाळता येणार नाही, आणि रेडिएशनसाठी रोज शहरात जाणे किंवा तिथे राहणे शक्य आहे का, हा घरचा प्रश्न वैद्यकीय प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. पूर्वी पाच-सहा आठवडे चालणारा हा उपचार आता बहुतेक ठिकाणी १५ बैठकांत, म्हणजे तीन आठवड्यांत पूर्ण होतो. काखेतील ग्रंथींत रोग निघाला, तर स्तन काढूनही रेडिएशन लागू शकते. ‘सगळे काढले की लाईट (म्हणजे रेडिएशन) घ्यावी लागत नाही’ हे सरसकट खरे नाही.

स्तन वाचवणे योग्य नसते अशा स्थितीही आहेत. एकाच स्तनात दूरदूरच्या भागांत अनेक गाठी, स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ, विस्तृत भागात पसरलेले संशयास्पद कॅल्शियमचे कण, त्वचेवर लाली-सूज असलेला दाहक प्रकार किंवा त्या जागी पूर्वी घेतलेले रेडिएशन असेल, तर संपूर्ण स्तन काढणेच रास्त असते. तुमच्या वर्णनात यांपैकी काही दिसत नाही, तरी मॅमोग्राफीच्या फिल्म प्रत्यक्ष पाहणारा डॉक्टरच ते सांगू शकेल. आणि एखाद्या स्त्रीला सर्व समजून घेतल्यावरही पूर्ण स्तन काढणेच बरे वाटले, तर तिची निवड तितकीच योग्य आहे. फक्त ती निवड तिची असावी, काकांची नव्हे.

आत्याबाईंच्या समजुतीबद्दल : सुईच्या बायोप्सीने रोग काखेत जात नाही. काखेतील ग्रंथी सुई टोचण्यापूर्वीच वाढलेली असते, फक्त ती दिसते तपासणी झाल्यानंतर. खरे नुकसान उलट प्रकारे होते. लहान दवाखान्यात बायोप्सी न करता ‘छोटीशी गाठ आहे’ म्हणून ती काढून टाकतात, कधी ती तपासणीला पाठवतही नाहीत, आणि सहा महिन्यांनी रुग्ण आमच्यासमोर येतो तेव्हा गाठ किती मोठी होती आणि कडेला रोग उरला होता का, हे सांगणारा एकही कागद त्याच्याजवळ नसतो. अशी प्रकरणे मी आयुष्यभर पाहिली. तुमच्या वहिनींनी आईला योग्य ठिकाणी नेले, हे फार बरे झाले.

शस्त्रक्रियेची तारीख मात्र हर-टूचा उलगडा होईपर्यंत पक्की करू नका. ते पॉझिटिव्ह निघाले तर या आकाराच्या गाठीत सहसा औषधे आधी आणि शस्त्रक्रिया नंतर केली जाते. एक-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. क्रम चुकला तर बिघडू शकते.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून अहवालापुरते लिहिते.

हर-टू २+ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे आणि निगेटिव्हही नव्हे. या तपासणीत पेशींच्या आवरणावर रंग किती गडद आणि किती सलग चढला, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ०, १+, २+ किंवा ३+ असे गुण दिले जातात. ० आणि १+ यांना निगेटिव्ह, तर ३+ ला पॉझिटिव्ह मानतात. २+ म्हणजे रंग चढला आहे, पण निर्णय देता येईल इतका नाही. अशा वेळी त्याच तुकड्यावर ‘फिश’ नावाची तपासणी करून हर-टूच्या जनुकाच्या प्रती खरोखर वाढल्या आहेत का, ते मोजतात. २+ आलेल्यांपैकी बऱ्याच जणी पुढे निगेटिव्ह निघतात. फिश न करता वर्षभराची इंजेक्शने सुरू करणे किंवा ती लागणारच नाहीत असे गृहीत धरणे, दोन्ही चुकीचे आहे.

त्यासाठी नव्याने सुई टोचावी लागत नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. त्याला आम्ही ‘ब्लॉक’ म्हणतो. प्रयोगशाळेत अर्ज देऊन तो ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. कोणत्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेलात, तरी तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील. ब्लॉक गावाकडच्या एसटीत पिशवीत घालून उन्हात ठेवू नका, मेण वितळते. ऐकायला विनोद वाटेल, पण असे ब्लॉक आमच्याकडे आले आहेत.

पुढे शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग कशात ठेवला जातो, हे विचारायला संकोचू नका. तो लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात, पुरेशा फॉर्मलिनमध्ये जायला हवा. सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बरणीत तरंगत रात्रभर राहिला, तर ईआरची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि रुग्णाची पुढची कित्येक वर्षांची उपचारपद्धतीच बदलते.

ईआर ८ पैकी ८ ही या अहवालातील सर्वांत चांगली ओळ आहे. तिचा अर्थ असा की या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात, आणि त्याचा पुरवठा तोडणारी गोळी तिच्यावर प्रभावी ठरण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते, आणि त्यांना अशी गोळी उपयोगी पडत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत तसे नाही.

पिंपळपार

आमच्या वसाहतीत मागील महिन्यात शिबिर झाले. तिथे दाब न देता, किरणोत्सर्ग न वापरता, केवळ स्तनांच्या तापमानाचे छायाचित्र काढून कर्करोग ओळखतात असे सांगत होते. शुल्कही कमी होते. धागाकर्तीने स्वतःसाठी तसे काही करून घ्यायला काय हरकत आहे? आणि पाच वर्षे काढली की माणूस बरा झाला असे समजतात, ते खरे का?

आरोग्यसेवा_कोकण

मी सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात काम केले आहे, म्हणून या दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

तापमानाच्या छायाचित्राला मॅमोग्राफीचा पर्याय मानता येत नाही, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा स्पष्ट इशारा दिलेला आहे. अशा शिबिरात ‘काही नाही’ असा कागद हाती घेऊन गाठ असलेली बाई निश्चिंत घरी जाते, हीच त्यातली खरी हरकत.

‘पाच वर्षे’ हा नोंदणीशास्त्रातील मोजमापाचा टप्पा आहे. बरे झाल्याचा दाखला नव्हे. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरपैकी किती जणी हयात आहेत, एवढेच तो सांगतो. भारतातील वेगवेगळ्या नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून हे प्रमाण सुमारे ६६ टक्के निघते, तर अमेरिकेत ते ९० टक्क्यांच्या आसपास आहे. हा फरक आपल्या डॉक्टरांच्या कौशल्यातला आहे असे कोणी समजू नये. त्याच भारतीय आकडेवारीत रोग स्तनापुरता मर्यादित असताना आलेल्या स्त्रियांचे हयात राहण्याचे प्रमाण सुमारे ८१ टक्के, काखेपर्यंत किंवा आसपास पसरलेल्यांचे सुमारे ६५ टक्के आणि शरीरात दूरवर पसरलेल्यांचे केवळ १८ टक्के आहे. आपल्याकडची बाई उशिरा पोहोचते, आणि पोहोचल्यावर अर्ध्यावर उपचार सोडते. सरासरी खाली ओढणाऱ्या मुख्य गोष्टी या आहेत. धागाकर्तीने हे आकडे आईवर जसेच्या तसे लावू नयेत. ते अनेक वर्षांपूर्वी निदान झालेल्या, सर्व प्रकारच्या गाठींच्या, उपचार पूर्ण केलेल्या आणि न केलेल्या अशा सगळ्या स्त्रियांचे मिळून आहेत.

लवकर पोहोचण्याबाबत आपल्याच राज्यात मोलाचा अभ्यास झाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाकडे प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन केवळ हाताने स्तनांची तपासणी करत. त्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के निघाले, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. यंत्र नाही, वीज नाही, फिल्म नाही. शिकवलेला हात आणि नियमितपणा एवढ्यावर हे झाले. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रात मॅमोग्राफीच्या गाड्या फिरवण्याआधी हे काम घरोघरी पोहोचायला हवे, आणि त्यात गाठ सापडलेल्या बाईला पुढच्या रुग्णालयापर्यंत सोबत करणारे माणूस हवे; नाहीतर यादीत नाव राहते आणि बाई घरीच राहते.

स्वतःच्या हाताने महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तपासणी करण्याचे शिक्षण शांघायमधील कापड गिरण्यांतील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांच्या अभ्यासात पारखले गेले, आणि त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. त्यामुळे आता त्या विधीऐवजी आपले स्तन नेहमी कसे असतात याची जाण ठेवावी आणि बदल दिसताच दाखवावे, असे सांगितले जाते. नवी गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, स्तनाग्रातून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव किंवा काखेतील गाठ यांपैकी काहीही असेल, तर थांबू नये. दुखत नाही म्हणून साधी असणार, हा समज सर्वांत घातक आहे; कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

टाळण्याविषयी थोडेच लिहितो, कारण टाळता येण्याजोगे थोडेच आहे. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन, मद्य आणि दीर्घकाळ घेतलेली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची एकत्रित औषधे धोका वाढवतात. अंगावर पाजल्याने आणि नियमित शारीरिक श्रमांनी तो काहीसा कमी होतो. मूल एकूण बारा महिने अंगावर पाजले, तर धोका ४ टक्क्यांच्या आसपास घटतो असे तीस देशांतील माहिती एकत्र करून दिसले आहे. चोळी घट्ट असणे, मोबाइल पदराशी ठेवणे, मार लागणे यांचा संबंध जोडण्यासारखा पुरावा नाही. आणि यातले काही ‘चुकले’ म्हणून रोग झाला, असे कोणत्याही बाईला ऐकवू नये. सगळे नीट पाळलेल्यांनाही तो होतो.

मांडवीकाठ

मी पणजीची, निवृत्त शिक्षिका. माझी गाठ मोठी होती, म्हणून माझा पूर्ण स्तन काढावा लागला. त्याला आता बरीच वर्षे झाली. वरच्या सर्व प्रतिसादांत शस्त्रक्रियेची चर्चा आहे, परंतु माझ्या अनुभवात शस्त्रक्रिया हा सर्वांत सोपा भाग होता.

केमो ठरली, तर घरात थर्मामीटर असू द्या. औषध घेतल्यापासून साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी फार खाली जातात, आणि त्या काळात १००.४ अंशांवर ताप गेला तर रात्र असो की सण असो, रुग्णालयात जायचे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. गावी असाल, तर रात्रीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा. केस दोन-तीन आठवड्यांत जातात. ते उशीवर सापडू लागण्याआधी कापून बारीक करून घेतले, तर मनाला कमी लागते. कोणी काढे, पपईच्या पानांचा रस, चूर्णे पाठवतील. मी ते सगळे माणसांचे प्रेम म्हणून स्वीकारले आणि कपाटात ठेवले, कारण केमोच्या काळात यकृतावर काय भार पडतो हे देणाऱ्याला ठाऊक नसते. साखर सोडा, दूध सोडा असेही सांगतील. आईला भूक लागेल ते ताजे, शिजवलेले आणि पुरेशा डाळी-अंड्यांसह खाऊ द्या.

खरी परीक्षा त्यानंतर गोळ्यांची असते. पाळी गेलेल्या बाईला बहुधा इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोल किंवा त्याच जातीची गोळी देतात, रोज एक, किमान पाच वर्षे. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, गुडघे आखडतात, अंगातून वाफा निघतात. आणि तोवर घरच्यांच्या दृष्टीने आजार संपलेला असतो. ‘आता कशाला गोळ्या, सगळे रिपोर्ट चांगले आहेत’ असे म्हणून इथेच बायका गोळ्या सोडतात. मीही एकदा सोडायच्या बेतात होते. डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलून दिला, रोज चालायला लावले, हाडांची घनता तपासून कॅल्शियम सुरू केले, आणि निभावले. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून बदल करून घ्यावा, परंतु गुपचूप बंद करू नये, एवढे तुमच्या आईला माझ्या वतीने सांगा.

काखेतल्या ग्रंथी बऱ्याच काढल्या, तर हात सुजू शकतो. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने दाखवलेले हाताचे व्यायाम दुसऱ्या दिवसापासून सुरू ठेवावेत, भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचा तर रोज करावा. शेतात काम करणाऱ्या बाईला काटा लागतो, विळा लागतो. त्या हाताला जखम झाली आणि तो लाल, गरम झाला, तर लगेच दाखवावे.

पैशांविषयी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा. पैसे भरल्यानंतर योजना लावता येत नाही, म्हणून ‘आधी’ म्हणते. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला भाड्यात मोठी सवलत असते, त्याचा अर्ज रुग्णालयातून भरून मिळतो. मुंबईला टाटामध्ये जाण्याची वेळ आली, तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्ण आणि नातेवाइकांसाठीच आहे. लातूरहून मुंबई गाठण्याआधी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाचाही विचार करा. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली, आणि तुमच्या भागातल्या बायका पूर्वीपासून तिथे जात आल्या आहेत.

बालाघाट_लेक

सर्वांचे मनापासून आभार. फिशचा अहवाल आला. हर-टू निगेटिव्ह आहे. डॉक्टरांनी आईला एकटीला आत बसवून, आम्हा सर्वांना बाहेर ठेवून, दोन्ही पर्याय समजावले. बाहेर येऊन तिने सांगितले की गाठच काढायची, आणि लाईट घ्यायला ती लातूरला आत्याकडे तीन आठवडे राहील. काका गप्प बसले. आत्याने खोली रिकामी करून दिली आहे, सुईविषयीचे तिचे मत मात्र कायम आहे.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काखेतील ग्रंथींचे काय करतात? आणि मावशीमुळे माझी तपासणी कुठून सुरू करावी?

निवृत्त_सर्जन

काखेतल्या त्या संशयास्पद ग्रंथीची सोनोग्राफीखाली सुईने तपासणी झाली आहे का, ते आधी पाहा. तिच्यात रोग सिद्ध झाला, तर आईच्या बाबतीत काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागण्याची शक्यता आहे. सिद्ध झाला नाही, तर निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून स्तनातील लसीका (लिम्फ हा द्रव) प्रथम ज्या ग्रंथींत पोहोचते त्या दोन-तीनच काढून तपासतात आणि त्या निर्मळ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. हात सुजण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. केमो हवी की नको, हे शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालावरून ठरेल. पाळी गेलेल्या, ईआर पॉझिटिव्ह आणि तीनपर्यंतच ग्रंथी बाधित असलेल्या काही स्त्रियांना गोळीच पुरेशी ठरते, पण ते ठरवण्यासाठीच्या गाठीवरील जनुकीय चाचण्या महाग आहेत. परवडत नसेल तर केमो घेण्यात गैर काही नाही.

आणखी एक विचारून पाहा. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती साधे भूल देणारे लिग्नोकेन टोचल्यास पुढे रोग परतण्याचे प्रमाण घटते का, याचा अभ्यास टाटा स्मारकच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील अनेक केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झाला. पाच वर्षांनी टोचलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषध प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असते आणि अगदी स्वस्त आहे. जगभर अजून ते सर्वमान्य झालेले नाही, कारण आणखी एखाद्या अभ्यासाने त्याला दुजोरा मिळावा असे अनेकांना वाटते. मी सेवेत असतो, तर दिले असते.

काचपट्टी

तुमच्यापासून नव्हे, आईपासून सुरुवात करा. सख्ख्या बहिणींपैकी एकीला अंडाशयाचा आणि दुसरीला स्तनाचा कर्करोग, हा इतिहास बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतील दोषाची शंका घेण्याइतका पुरेसा आहे. ज्या व्यक्तीला रोग झाला आहे तिचे रक्त आधी तपासले, तर उत्तर स्पष्ट मिळते. आईत दोष सापडला, तर तुमच्यात तोच नेमका दोष शोधता येतो, आणि तो असण्याची शक्यता निम्मी असते. तुमच्या भावालाही तो मिळू शकतो आणि त्याच्याकडून त्याच्या मुलींना. वडिलांच्या बाजूने असे दोष येत नाहीत हा गैरसमज आहे. आईची तपासणी न करताच आधी तुमची तपासणी केली आणि ती निगेटिव्ह आली, तर त्या निगेटिव्हचा अर्थ लावता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या आधीच हे रक्त पाठवता आले तर उत्तम, कारण दोष निघाल्यास दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयांचाही विचार आईला करावा लागेल आणि काही वेळा शस्त्रक्रियेची निवडही बदलते. त्यासाठी तिचा निर्णय पुन्हा उघडावा लागला, तर तोही तिच्याशी एकटीशीच बोलून करावा.

२९ व्या वर्षी सरसकट मॅमोग्राफी उपयोगाची नाही. या वयात स्तनातील ऊती दाट असतात आणि गाठ त्यात झाकली जाते. दोष निघाला, तर तुमच्यासाठी दरवर्षी एमआरआयचा मार्ग आहे. तोवर हाताला काही वेगळे लागले, तर सोनोग्राफी करून घ्या. जनुकीय तपासणीआधी समुपदेशन होते. त्या भेटीला जाताना आजोळच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घराण्यांतील कर्करोग झालेल्या माणसांची नाती, अवयव आणि निदानाच्या वेळची वये लिहून न्या. मावशीचा जुना अहवाल तिच्या घरी कोणाच्या ट्रंकेत मिळतो का, तेही पाहा.